‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हणू द्यायचे नाही

(कारंजा लाड येथे झालेल्या गाव-कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे, चार-दोन वाक्ये तेवढी सरळ केली आहेत.)





डिसेंबर जवळ आला की आपल्या गावागावांत एकच बोलणे सुरू होते. नागपूरले अधिवेशन हाये, मोर्चा कवा हाये, गाडी कोनाची, भाकरी किती दिवसाच्या बांधायच्या. हे सगळे ठरवायचेच आहे, जेवणानंतर ठरवू. पण त्याआधी आम्हाला एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचे आहे. आपण रस्त्यावर बसलेलो असतो तेव्हा आत सभागृहात पहिला तास कशाचा असतो? तो प्रश्नांचा तास असतो. त्या तासात आमदार विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. या तासाशी आपला काय संबंध, एवढेच आज बोलू.

हे अधिवेशन नागपूरला का होते हेही सांगून टाकतो. १९५३ साली नागपूर करार झाला. विदर्भ महाराष्ट्रात येणार तर सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला बसावे, असे त्यात ठरले. म्हणजे सरकार आपल्या दारी येते ते काही मेहेरबानी म्हणून नाही, शब्द दिलेला आहे म्हणून येते.

आता प्रश्न म्हणजे काय ते बघा. सभागृहात उभे राहून मनात येईल ते विचारायचे, असे ते नसते. प्रश्न आधी लिहून द्यावा लागतो, तोही अधिवेशनाच्या पुष्कळ आधी. ज्याला तोंडी उत्तर पाहिजे त्याच्यापुढे तारा काढतात, म्हणून तो तारांकित. त्याच्यावर उपप्रश्न विचारता येतात, मंत्र्याला जागेवर बोलावे लागते. ज्याला तारा नाही तो अतारांकित, त्याचे उत्तर कागदावरच येते. तासाभरात तोंडी चर्चेला येतात ते थोडेच. बाकीच्या तारांकित प्रश्नांचीही उत्तरे छापूनच मिळतात. छापून मिळाले म्हणजे वाया गेले असे समजू नका. आपल्या कामाचे तेच आहे.

त्या छापील यादीतला प्रश्न कसा असतो, ऐका. वर आमदाराचे नाव. मग, ‘सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?’ मग एक नंबर: अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय? दोन नंबर: असल्यास, त्याची चौकशी केली काय, त्यात काय आढळले? तीन नंबर: त्यानुसार कोणती कारवाई केली? चार नंबर: नसल्यास, विलंबाची कारणे काय?

आणि खाली मंत्र्याचे उत्तर. उत्तराचे शब्द ठरलेले असतात. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘माहिती घेण्यात येत आहे.’ आणि सगळ्यात शेवटी, सरकारचे आवडते वाक्य: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

या ‘प्रश्न उद्भवत नाही’ची गंमत समजून घ्या. समजा एखाद्या आमदाराने विचारले की वाशीम जिल्ह्यातील आदिवासींना वनहक्काचे पट्टे मिळाले नाहीत, हे खरे आहे काय? ऐकायला हा प्रश्न एकदम आपलाच वाटतो. टाळ्या पडतील. पण उत्तर काय येईल? ‘हे खरे नाही.’ आणि सरकार खोटे बोलले असेही म्हणता येणार नाही, कारण जिल्ह्यात कुठे ना कुठे दहा-वीस लोकांना पट्टा मिळालेला असतो. एक नंबरला ‘खरे नाही’ आले की दोन, तीन, चार या तिन्ही ठिकाणी एकच ओळ: प्रश्न उद्भवत नाही. झाले, संपले. तुमची तीन पिढ्यांची वहिती, तुमच्यावर झालेल्या केसेस, जप्त झालेला नांगर, बैल, हे सगळे त्या तीन शब्दांत बसले.

आता तोच प्रश्न गावाने करून दिला तर? कारंजा तालुक्यातील अमुक गावच्या ग्रामसभेने अमुक तारखेच्या ठरावाने इतके दावे उपविभागीय समितीकडे पाठवले, त्याची पोच गावाकडे आहे, हे खरे आहे काय? त्यातले इतके दावे परत आले, पण दावेदारांना लेखी कारण दिले नाही, हे खरे आहे काय? इथे ‘हे खरे नाही’ लिहायला हात कचरतो, कारण पोच आपल्या पेटीत आहे. मग उत्तर येते ‘हे अंशतः खरे आहे.’ अंशतः म्हणजे थोडेसे. आपल्याला ते थोडेसे पुरते. कारण अंशतः खरे म्हटले की दोन, तीन, चार नंबरला उत्तर द्यावेच लागते. चौकशी कोणी केली, काय आढळले, उशीर काहून झाला, हे लिहावे लागते.

म्हणून आम्ही म्हणतो की प्रश्न उद्भवतो की नाही हे मंत्र्याच्या हातात कमी आणि गावाच्या कागदात जास्त आहे.

आता हा प्रश्न जातो कसा ते बघू, त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. आमदाराने प्रश्न दिला की तो विधानभवनातून मंत्रालयात जातो. मंत्रालयाला आपले गाव कुठे माहीत असणार? ते खाली विचारतात. आदिवासी विकासाचे अपर आयुक्त अमरावतीला, आपला आदिवासी प्रकल्प अकोल्याला, कलेक्टर वाशीमला. तिथून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलला, तिथून तलाठी आणि वनरक्षकाकडे. म्हणजे ज्या टेबलावर आपली फाईल दाबून ठेवली त्याच टेबलावर ‘अर्जंट’ शिक्का मारून प्रश्न येऊन पडतो. कचेरीत त्याला ‘एलएक्यू आला’ म्हणतात. एलएक्यू आला की सुट्टीवरचे बाबू परत येतात, कपाटाच्या चाव्या सापडतात. वर्षभर न सापडलेली फाईल एका दुपारी सापडते. हे तुमच्यापैकी कितीकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण याची दुसरी बाजू ओळखा. ज्याने फाईल दाबली तोच उत्तर लिहितो. तो काय लिहील? त्याला सोयीचे तेच. मग ते उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढते, दर पायरीवर एक सही लागते, आणि शेवटी मंत्री ते सभागृहात वाचतो. मंत्र्याला वाटते हे कलेक्टरचे म्हणणे, कलेक्टरला वाटते तहसीलदाराचे. खरे तर ते त्या एका टेबलाचे म्हणणे असते. ते खोटे असले तर ओळखणार कोण? मुंबईचा आमदार ओळखणार नाही, आपलाही ओळखणार नाही. शेताच्या धुऱ्यावर उभा असलेला माणूसच ओळखेल. म्हणून उत्तर छापून आले की ते गावात परत आले पाहिजे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचले पाहिजे. आतापर्यंत प्रश्न गावातून वर जात, उत्तर मात्र वरच राहून जाई.

इथे एक आबा आम्हाला नेहमी विचारतात, ‘आमदाराले इचारून काय भेटते बाप्पा? साठ-सत्तर वर्सं झाले, इचारूनच रायले.’ आबा बरोबर बोलतात. प्रश्न विचारून जमीन मिळत नाही. आपल्या जमिनीचा इतिहासच बघा. १९७८ आणि १९७९ साली महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढले की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणे नियमित करू. ‘अतिक्रमण’ हा त्यांचा शब्द, आपला नाही. निर्णय निघाले, पण दंडाची पावती दाखवा, नोंद दाखवा, म्हणून हजारो लोकांना बाहेर काढले. लोक सुप्रीम कोर्टात गेले. १९९५ साली कोर्टाने सांगितले की फक्त सरकारी कागद मागू नका, दुसरा पुरावाही बघा. तरी २००२ च्या मे महिन्यात दिल्लीच्या वन खात्याने पत्र काढले की सगळी अतिक्रमणे हटवा. मग देशभर आदिवासी उठले, तेव्हा कुठे डिसेंबर २००६ मध्ये वनहक्काचा कायदा झाला. हे रस्त्यावर झाले, कोर्टात झाले. प्रश्नोत्तराच्या तासात नाही झाले.

मग काहून विचारायचे? एका कारणासाठी. आज कायदा आपल्या बाजूचा आहे आणि अडवणूक कागदावर होते. समोर पोलीस उभा केला तर आपण बसतो, हटत नाही. पण समोर कोणी उभाच नसेल, फक्त ‘प्रकरण प्रलंबित’ असे असेल, तर कोणाच्या दारी बसायचे? प्रश्न विचारला की सरकारला आपले म्हणणे एका तारखेला, एका मंत्र्याच्या नावाने, छापून द्यावे लागते. मग दार सापडते.

आणि हा हक्क काही आभाळातून पडला नाही. इंग्रजांच्या राज्यात कौन्सिलातल्या लोकांना प्रश्न विचारायची परवानगी १८९२ च्या कायद्याने मिळाली, त्याआधी तीही नव्हती. पुढे १९३५ चा कायदा आला, प्रांतांना थोडा कारभार दिला. पण आदिवासींचे काही भाग त्यातून ‘वगळलेले’ म्हणून बाजूला काढले. पूर्ण वगळलेल्या भागाच्या कारभारावर गव्हर्नरच्या परवानगीशिवाय विधिमंडळात प्रश्नच विचारता येत नसे. आपला मेळघाट ‘अंशतः वगळलेला’ होता. म्हणजे बघा, दुसऱ्यांच्या बाबतीत उत्तर टाळायचे, आदिवासींच्या बाबतीत प्रश्नच टाळायचा, असा हा जुना हिशोब आहे. त्याच मेळघाटातल्या बालमृत्यूंवर नंतर विधानसभेत पुन्हापुन्हा मंत्र्यांना उभे केले गेले. लेकरे मरायची थांबली असे नाही. पण मेली हे नाकारणे बंद झाले.

आता आपला प्रश्न विचारणार कोण? विधानसभेत २८८ आमदार, त्यांत २५ जागा आदिवासींसाठी राखीव. आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, वाशीम, कारंजा असे तीन मतदारसंघ. यातला एकही आदिवासींसाठी राखीव नाही. शेजारी मेळघाट आहे, आर्णी आहे, राळेगाव आहे. आंध असो, गोंड असो, पारधी असो, इथे आपण विखुरलेले आहोत, निवडणुकीत आपली गरज शेवटच्या दोन दिवसांत पडते. अनुसूचित क्षेत्रातही आपला जिल्हा नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. हे सांगून काही बाबू लोक गावाला घाबरवतात की तुमचा जिल्हा पेसात नाही, तुम्हाला वनहक्क कुठले? साफ खोटे. वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्र लागत नाही. तो इथेही आहे, सोहोळच्या काळवीट अभयारण्याभोवतीच्या गावांनाही आहे. चराईचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे, आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वहितीवरून कोणालाही उठवता येत नाही.

राखीव जागा नाही म्हणून प्रश्न अडत नाही. कोणताही आमदार कोणत्याही जिल्ह्याचा प्रश्न विचारू शकतो. विधान परिषदेचे आमदारही विचारू शकतात. आपल्या कारंज्याच्या आमदाराकडे आधी जायचे, तो मान त्यांचा आहे. त्यांनी नाही घेतला तर मेळघाट, आर्णी, राळेगावकडे जायचे. दोघा-तिघांकडे एकाच वेळी दिला तरी चालते.

पण प्रश्न देऊन मोकळे व्हायचे नाही, कारण प्रश्नाचाही बाजार होतो. डिसेंबर २००५ मध्ये टीव्हीवर दाखवले की दिल्लीत खासदार प्रश्न विचारायला पैसे घेतात. अकरा खासदारांना संसदेने काढून टाकले, त्यातले दोघे आपल्याच महाराष्ट्रातले, खानदेशचे होते. ते टीव्हीवर आले १२ डिसेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी, १३ डिसेंबर २००५ ला, वनहक्काचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. हीच १३ डिसेंबर आपल्या दाव्यांची कट-ऑफ तारीख आहे, ती सगळ्यांना पाठच आहे. ज्यांचा प्रश्न त्यांनी त्याच्या मागे राहिले पाहिजे. ठरावाची एक प्रत आमदाराकडे, एक ग्रामसभेच्या वहीत, एक संघटनेकडे. मग तो प्रश्न मधेच कुठे जिरला ते कळते.

गोवारी बांधवांची आठवण इथे केली पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला अधिवेशन सुरू होते. हजारो गोवारी, बाया-माणसे-लेकरे, मोर्चा घेऊन आले होते. सरकारचा कोणी माणूस येऊन निवेदन घेईल म्हणून दिवसभर वाट बघत होते. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांच्या मागणीबद्दल आपल्या आदिवासी संघटनांत मतभेद आहेत, ते आपण लपवत नाही. पण ती माणसे एक उत्तर ऐकायला आली होती. आदिवासी विकास मंत्र्यांनी नंतर राजीनामा दिला, आयोग बसला, नागपुरात स्मारक झाले. ज्या दिवशी उत्तर पाहिजे होते त्या दिवशी बाहेर कोणी आले नाही. आमच्या मनात हे सारखे येते की मोर्चा बाहेर बसलेला असताना त्याचा प्रश्न आत कागदावर लागलेला असला पाहिजे. मोर्चा सोडा असे आम्ही म्हणत नाही. मोर्चाच्या हातात छापील उत्तर असेल तर निवेदन घ्यायला येणाऱ्याला ‘बघतो, करतो’ म्हणून परत जाता येत नाही, एवढेच म्हणतो.

आणि मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटले असेल तर त्याचाही माग निघतो. विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मंत्र्याने दिलेला शब्द पाळला की नाही हे बघणे तिचे काम. अनुसूचित जमाती कल्याण समिती असते, ती जिल्ह्यात दौऱ्यावर येते, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते. जिल्हा परिषदेची झाडाझडती घ्यायला पंचायती राज समिती येते. समिती येणार म्हटले की आश्रमशाळेला चुना लागतो, पोरांना त्या दिवशी गोड मिळते, हे मुलामुलींनी आम्हाला सांगितले आहे. समितीला भेटायला आपण जात नाही, कारण ती आली हे आपल्याला ती गेल्यावर कळते. यापुढे कचेरीच्या भिंतींना रंग लागताना दिसला की संघटनेला कळवा. (हसू नका, हाच खात्रीचा मार्ग आहे.)

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आमदार नसला तरी चालेल असे एक दार आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ८ मध्ये २०२५ पर्यंत एक ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही, असा तिचा अर्थ होता. पुन्हा सांगतो. जे आमदाराला द्यावे लागे ते लाकूडफाटा आणणाऱ्या आपल्या बुढीलाही द्यावे लागे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असेल तर तेही नाही, आणि तीस दिवसांची मुदत. एका गावात आपल्या साथींना अर्जावर सांगितले गेले की ही खासगी माहिती आहे, मिळणार नाही. त्यांनी पुढच्या अर्जात ही ओळ लिहिली आणि विचारले, हेच विधानसभेने मागितले असते तर तुम्ही नाही म्हटले असते काय? कागद मिळाले. म्हणून आमदाराने प्रश्न घेतला नाही तर तोच प्रश्न, त्याच चार नंबरांसकट, माहिती अधिकारात टाकायचा.

आता काम. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काचे नियम सुधारले. दावा नाकारायचा तर कारण लेखी कळवले पाहिजे, आणि साठ दिवसांत वर दाद मागता येते. उपविभागीय समितीने ग्रामसभेला परस्पर डावलायचे नाही, शंका असेल तर कारण लिहून फेरविचारासाठी परत पाठवायचे. आपला पहिला प्रश्न याच्यावरच राहील. तो आदिवासी विकास मंत्र्यांच्या नावे द्यायचा, वनमंत्र्यांच्या नावे नाही, कारण हा कायदा आदिवासी विकास विभागाकडे आहे. चुकीच्या खात्याकडे गेला की टोलवाटोलवीतच अधिवेशन संपते.

प्रत्येक गावाने ग्रामसभा घ्यावी. वनहक्क समितीची वही काढा. एका कागदावर लिहा: ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेचा, वैयक्तिक दावे किती, सामूहिक दावा केला की नाही, कोणत्या तारखेला कोणाकडे दिला, पोच आहे की नाही, परत किती आले, कारण लिहून आले की तोंडी सांगितले. आकडा माहीत नसेल तर अंदाजे टाकू नका, जागा कोरी सोडा. एक आकडा चुकला की ‘हे खरे नाही’ म्हणायला त्यांना तेवढेच पुरते. ‘अन्याय’, ‘जुलूम’ हे शब्द या कागदावर नको, ते भाषणासाठी ठेवा.

बायांनी आपला वेगळा कागद करावा. रेशन, अंगणवाडी, आश्रमशाळा, जे अडले असेल ते. सरपंच बसला आहे म्हणून मागे बसू नका. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत हा नियम आहे, शोभेला म्हणून नाही.

ज्यांच्याकडे पोच नाही त्यांनी आधी पोच आणावी. दाव्यांची यादी दोन प्रतींत न्या, एकीवर सही-शिक्का मागा. देत नसतील तर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. कागद पुढच्या बाजाराच्या दिवशी कारंज्यात घेऊन या, बस स्टँडजवळ आम्ही दिवसभर बसलेले असू. वाचता न येणाऱ्यांनी कागद तसाच आणला तरी चालेल, तिथे बसून मांडू. दावे परत आलेल्या गावांचे काम आधी घेऊ, कारण त्यांचे साठ दिवस धावत आहेत.